चाळिसांच्या यादीबाहेर

नोव्हेंबरच्या मध्यावर, बहुधा मंगळवारी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या घड्याळात संध्याकाळचे सहा वाजतात आणि मेजर लीग बेसबॉलच्या तीस संघांना आपापल्या याद्या पक्क्या कराव्या लागतात. मैदाने त्या वेळी रिकामी असतात. वर्ल्ड सिरीज संपून दोन-तीन आठवडे झालेले असतात, आमच्या पिट्सबर्गला ॲलेगनी नदीवरून बोचरा वारा सुटलेला असतो आणि गावातले लोक एव्हाना फुटबॉलकडे वळलेले असतात. तरीही गेली कित्येक वर्षे त्या संध्याकाळी मी आमच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाची यादी दहावीच्या निकालासारखी उघडून बसतो. त्यात ना धावा असतात, ना जयपराजय. कोणत्या पोराला संघाने जपले आणि कोणाला उघड्यावर ठेवले, एवढेच त्यातून कळते.

ज्यांचा या खेळाशी फारसा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. प्रत्यक्ष सामन्यांसाठी संघाकडे सव्वीस खेळाडू असतात, पण संघाची खरी मालमत्ता म्हणजे चाळीस जणांची यादी. त्या चाळिसांच्या खाली मायनर लीगचा मोठा पसारा असतो. प्रत्येक संघाशी जोडलेले चार उपसंघ, शिवाय फ्लोरिडा किंवा ॲरिझोनातले सराव-संकुल आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली अकादमी. अमेरिकेतल्या या उतरंडीवर संघाला १६५ खेळाडू बाळगता येतात. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करारबद्ध झालेल्या खेळाडूला संघ पाच हंगाम आणि एकोणिसाव्या वर्षी किंवा नंतर आलेल्याला चार हंगाम निर्धास्तपणे खाली ठेवू शकतो. ती मुदत संपली की त्याला चाळिसांत घ्यावे लागते, नाहीतर डिसेंबरमधल्या ‘रूल फाइव्ह’ ड्राफ्टमध्ये दुसरा कोणताही संघ एक लाख डॉलर मोजून त्याला उचलून नेऊ शकतो. नेणाऱ्यावरही एक अट असते. त्या खेळाडूला पुढचा पूर्ण हंगाम सव्वीस जणांत ठेवावे लागते. ते जमले नाही, तर आधी इतर संघांना त्याला घेण्याची संधी द्यायची आणि कोणीच घेतले नाही तर मूळ संघाला पन्नास हजारांत परत देऊ करायचे. नियमपुस्तकात या तरतुदीचा क्रमांक पाच, म्हणून नावही तेच पडले. नवशिक्या पोरांच्या ड्राफ्टचा क्रमांक चार आहे. नावे ठेवण्याच्या बाबतीत बेसबॉलवाले आपल्या महसूल खात्याचे भाऊबंद शोभतात.

२०२५च्या उन्हाळ्यात बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. मध्य रेल्वेत त्यांची बरीच वर्षे कर्जतला गेली, घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणाऱ्या बँकर इंजिनांवर. त्यामुळे त्यांना दाखवायला नेण्याजोगे ठिकाण मला नायगारापेक्षा अल्टूना वाटले. पिट्सबर्गपासून दोन तासांवरचे हे जुने रेल्वेगाव. गावाबाहेर १८५४ साली बांधलेले घोड्याच्या नालेच्या आकाराचे वळण आहे, जिथे आजही मालगाड्यांना मागून इंजिने लावावी लागतात. बाबा तिथल्या बाकावर दीड तास बसले, एका गाडीला पुढे-मागे मिळून किती इंजिने लावली आहेत ते मोजले आणि आपला बोरघाट सदतिसास एक, हे मला पुन्हा एकदा ऐकवले. या वळणावरूनच गावाच्या संघाचे नाव ‘अल्टूना कर्व्ह’ पडले आहे. तो पायरेट्सचा डबल-ए दर्जाचा, म्हणजे शिखरापासून दोन पायऱ्या खालचा संघ. संध्याकाळी आम्ही त्याचा सामना पाहायला गेलो. तिथे उजव्या बाजूच्या कुंपणामागे चक्क रोलर कोस्टरचा सांगाडा उभा दिसतो.

सहाव्या डावात एक डावखुरा पिचर आला. त्याचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. चेंडूला वेग चांगला होता, दिशेची खात्री नव्हती. लागोपाठ दोघांना चार-चार वाइड चेंडू टाकून त्याने फुकट पाठवले आणि मग ओळीने तिघांना बाद केले. बाबांना तो आवडला. डावखुऱ्या गोलंदाजांविषयी त्यांच्या मनात एक जुना हळवा कोपरा आहे, त्याकडे पुढे येतोच. हा पोरगा वर कधी जाणार, असे त्यांनी विचारले तेव्हा मी वरचा सगळा नियम त्यांना सांगितला, आणि याचे चार हंगाम या वर्षी संपतात, नोव्हेंबरात याचा फैसला आहे, हेही सांगितले.

“म्हणजे पॅनेल,” बाबा म्हणाले. “परीक्षा झाली, पॅनेलवर नाव लागलं. जागा रिकामी होईल तेव्हा बढती.”

मी इतकी वर्षे लोकांना हा नियम समजावताना आयपीएलमधल्या रिटेन्शनचा दाखला देत आलो होतो. तो खरे तर फसवा आहे, कारण तिथे सोडलेला खेळाडू लिलावात जातो आणि कधी कधी आधीपेक्षा जास्त पैसे घेऊन परततो. पॅनेल हा शब्द अधिक चपखल आहे. चाळिसांत नाव लागले म्हणून पिचर दुसऱ्या दिवशी पिट्सबर्गच्या मैदानावर उतरत नाही. बहुतेक वेळा वसंतात तो पुन्हा त्याच अल्टूनाला किंवा एक पायरी वर, ट्रिपल-ए दर्जाच्या इंडियानापोलिसला जातो. फरक एवढाच, की वरची जागा रिकामी झाली तर आता त्याला बोलावणे सोपे असते.

“आणि ज्याला पॅनेलवर घेतलं नाही, त्याला दुसऱ्या डिव्हिजनवाल्यांनी नेलं तर चालतं?” बाबांनी विचारले. चालते, असे मी म्हणालो. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरं आहे की मग. आमच्यात तसं नव्हतं.”

‘प्रोटेक्ट’ हा शब्द मला तेव्हापासून खटकू लागला आहे. संघाने अमुक पाच जणांना ‘प्रोटेक्ट’ केले, असे बातमीत येते, आणि वाचताना वाटते की कोणीतरी लेकरांवर छत्री धरली. पण ही छत्री संघाने स्वतःच्या गुंतवणुकीवर धरलेली असते. ज्याला घेतले नाही तो ‘असुरक्षित’ ठरतो, म्हणजे काय, तर एकोणतीस इतर दारे त्याच्यासाठी एका दिवसापुरती किलकिली होतात. अर्थात चाळिसांत येण्याचा खेळाडूलाही फायदा आहे, आणि तो लहान नाही. २०२३च्या वसंतात मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला, त्याआधी डबल-एचा किमान पगार वर्षाला १३,८०० डॉलर होता. करारानंतर तो ३०,२५० झाला. मेजर लीगचा किमान पगार २०२५ साली ७,६०,००० होता. या दोन आकड्यांमध्ये जी दरी आहे तिच्यावरचा पहिला पूल म्हणजे चाळिसांची यादी. त्यामुळे यादीत नाव आलेल्या पोराच्या घरी त्या रात्री काय होत असेल, याची कल्पना करायला मला कष्ट पडत नाहीत.

हा नियम कोणाच्या दयाबुद्धीतून आलेला नाही. गेल्या शतकाच्या विशीत ब्रँच रिकी नावाच्या गृहस्थाने सेंट लुइस कार्डिनल्ससाठी शेतीचा नमुना वापरला: छोट्या गावांतले संघ ताब्यात घ्यायचे, त्यांत शेकडो पोरे पेरायची आणि पिकतील ती वर आणायची. ‘फार्म सिस्टिम’ हे नाव तिथूनच आले. पेरणी एवढी वाढली, की पिकलेल्यांनाही वर जागा उरेना. दुसऱ्या संघात सहज खेळले असते असे लोक वर्षानुवर्षे खालीच राहिले. १९३८ साली बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांनी कार्डिनल्सच्या सत्तरहून अधिक खेळाडूंना एका फटक्यात मोकळे केले. साठेबाजीवरचा हा वचक पुढे वेगवेगळ्या रूपांत टिकून राहिला, आणि त्याचा सर्वांत मोठा लाभ ज्याने उठवला तो माणूस पुन्हा रिकीच होता.

१९५४ची गोष्ट. त्या वर्षी फेब्रुवारीत ब्रुकलिन डॉजर्सनी पोर्तो रिकोच्या एकोणीस वर्षांच्या रोबेर्तो क्लेमेंते या मुलाला दहा हजार डॉलर बोनस देऊन घेतले. चार हजारांहून जास्त बोनस घेतलेल्या पोराला दोन वर्षे मुख्य संघात ठेवा, नाहीतर हंगामाअखेरीस इतरांसाठी खुला करा, असा तेव्हाचा नियम होता. डॉजर्सनी त्याला माँट्रिअलच्या उपसंघात पाठवले. तिथे तो ८७ सामने खेळला आणि त्याची सरासरी .२५७ राहिली. त्याला लपवण्यासाठी मुद्दामच कमी खेळवले, ही कथा पिट्सबर्गमध्ये कोणीही सांगतो. नंतरच्या अभ्यासकांनी एकेक सामना तपासून या कथेवर शंका घेतली आहे आणि मला त्यांचे म्हणणे पटते. रिकी एव्हाना डॉजर्स सोडून पायरेट्सकडे आले होते. त्यांचे विश्वासू पारखी क्लाइड सुकफर्थ माँट्रिअलचे सामने पाहायला गेले आणि या मुलाचा हात पाहून परतले. पायरेट्स त्या वर्षी १०१ सामने हरून तळाला होते, म्हणून पहिली निवड त्यांची होती. २२ नोव्हेंबर १९५४ रोजी त्यांनी चार हजार डॉलर दिले आणि क्लेमेंतेला नेले.

पुढचे शहराच्या भिंतींवर लिहिलेले आहे. दोन विश्वविजेतेपदे, बरोबर ३००० हिट्स, आणि १९७२च्या अखेरच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या विमानाचा अपघात. पीएनसी पार्क या पायरेट्सच्या मैदानाच्या उजव्या कुंपणाची भिंत २१ फूट उंच आहे, कारण त्याचा क्रमांक २१ होता. मैदानाकडे जाणारा नदीवरचा पूलही त्याच्या नावाचा आहे. बाबांना त्या पुलावरून नेले तेव्हा मी ही गोष्ट सांगितली. इतका मोठा माणूस ‘यादीत न घातल्यामुळे’ इथे आला, याचे त्यांना नवल वाटले आणि डॉजर्सच्या साहेबांचे पुढे काय झाले, हे त्यांनी दोनदा विचारले.

ज्या पायरेट्सना क्लेमेंते असा मिळाला, तेच पायरेट्स २००३च्या डिसेंबरात उलट्या बाजूला उभे होते. त्या वर्षीच्या ड्राफ्टमधल्या पहिल्या सहा निवडींपैकी पाच खेळाडू एकट्या पायरेट्सचे होते. दुसऱ्यांनी पाच वेळा आपल्या परसातले झाड हलवावे आणि आपण खिडकीतून पाहत राहावे, असा तो प्रकार होता. पहिला गेला ख्रिस शेल्टन, डेट्रॉइट टायगर्सकडे, जे त्या हंगामात ११९ सामने हरले होते. २००६च्या एप्रिलमध्ये या शेल्टनने पहिल्या तेरा सामन्यांत नऊ होमरन मारले आणि पिट्सबर्गमधल्या लोकांना काही दिवस वर्तमानपत्र उघडवेना. तो भर नंतर ओसरला. सहाव्या क्रमांकाला बाल्टिमोर ओरिओल्सनी होजे बाउतिस्ताला उचलले. त्याचा २००४चा उन्हाळा म्हणजे बदलीच्या नोकरीची परिसीमा आहे. बाल्टिमोरने त्याला जूनमध्ये सोडले, टँपा बेने घेतले, तिथून तो कॅन्सस सिटीला विकला गेला, जुलैअखेरीस कॅन्सस सिटीने त्याला न्यूयॉर्क मेट्सना दिला आणि मेट्सनी त्याच दिवशी पुन्हा पायरेट्सना. पाच टोप्या घालून पोरगा घरी आला. घरच्यांनी मात्र २००८मध्ये त्याला टोरोंटोला देऊन टाकले, आणि २०१० साली त्याने तिथे ५४ होमरन मारले.

या चुका मूर्खपणाच्या होत्या, असे नंतर म्हणणे सोपे आहे. हिशेब प्रत्यक्षात अवघड असतो, आणि मला या सगळ्यात रस वाटतो तो तिथेच. एकवीस वर्षांचा, सोळाव्या वर्षी व्हेनेझुएलातून आलेला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, घ्या. गुणी आहे, पण अजून डबल-एच्याही खालच्या अ-दर्जाच्या लीगमध्येच चाचपडतो आहे. त्याला चाळिसांत घेतले तर त्याच दिवसापासून दुसरे घड्याळ सुरू होते: यादीतल्या खेळाडूला साधारणपणे तीनच हंगाम खाली पाठवण्याची मुभा असते. तो चोविसाव्या वर्षी कच्चाच राहिला तर वर तरी ठेवा, नाहीतर गमवा. त्याला घेतले नाही, तर इतर संघ त्याला नेतील का? नेले तर सव्वीस जणांत वर्षभर सांभाळावे लागेल, आणि अ-दर्जाच्या बॅटरला तिथे लपवायला जागा नसते. म्हणून पुष्कळदा कच्च्या पण मोठ्या गुणाच्या पोराला बेधडक बाहेर ठेवतात, आणि ट्रिपल-एमधल्या, वयाने पंचविशीतल्या, फारसे कौतुक न झालेल्या, पण उद्या उठून एक डाव टाकू शकेल अशा पिचरला आत घेतात. नेणाऱ्यांना हवे असतात ते असेच पिचर. राखीव पिचर बसतात त्या बुलपेनच्या कोपऱ्यात त्यांना ठेवता येते. यांकीजनी कोपराच्या शस्त्रक्रियेतून सावरणाऱ्या गॅरेट व्हिटलॉकला बाहेर ठेवले. बॉस्टनने डिसेंबर २०२०मध्ये त्याला नेले आणि पुढच्या हंगामात त्याने १.९६ची सरासरी राखली (पिचरची सरासरी म्हणजे नऊ डावांमागे दिलेल्या धावा, जितकी कमी तितकी चांगली). मिलवॉकीने सोडलेल्या शेन स्मिथला शिकागो व्हाइट सॉक्सनी २०२४च्या ड्राफ्टमध्ये पहिलाच उचलला आणि २०२५च्या जुलैत तो ऑल-स्टार संघात होता.

यादीतल्या चाळिसांचाही विचार करावा लागतो. नवा आत घ्यायचा तर जुना बाहेर काढावा लागतो. पाच वर्षे इमानाने राबलेला, सध्या खांदा दुखावलेला तिशीचा पिचर एका बाजूला आणि अल्टूनाचा डावखुरा दुसऱ्या बाजूला. बातम्यांत दुसऱ्याचे नाव येते. पहिल्याचे नाव त्याच परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत असते.

आणि नेलेल्यांचे भले होतेच, असेही नाही. योहान सान्ताना १९९९च्या ड्राफ्टमधून मिनेसोटाला आला, पहिल्या वर्षी ६.४९च्या सरासरीने चोपून निघाला, तरी त्यांनी धीर धरला आणि पुढे त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दोनदा मिळवला. पण अशा कथा आपल्या लक्षात राहतात, कारण त्या अशा संपल्या. २०२१मध्ये पायरेट्सनी लुइस ओविएदो या एकवीस वर्षांच्या पिचरला वर्षभर असाच धरून ठेवला होता. डबल-ए न पाहिलेला मुलगा बुलपेनमध्ये बसून राहिला, अधूनमधून हरलेल्या सामन्यात आला, आणि जवळजवळ नऊच्या सरासरीने मार खाऊन हंगाम संपवला. रोज चेंडू टाकत शिकायच्या वयात त्याला बाकावर बसवले गेले. नियमाचा हेतू मला मान्य आहे, पण ही अट मला क्रूर वाटते. निम्मा हंगाम वर आणि निम्मा खाली अशी काही सोय करता आली असती.

२०२१चाच आणखी एक प्रसंग मला विसरता येत नाही. त्या वर्षी नोव्हेंबरात याद्या नेहमीप्रमाणे लागल्या. मग २ डिसेंबरला मालकांनी टाळेबंदी केली आणि रूल फाइव्हचा मुख्य ड्राफ्ट रद्दच झाला. ज्यांना आपल्या संघाने आत घेतले नव्हते, त्यांच्यासाठी दुसऱ्यांची दारेही त्या वर्षी उघडली नाहीत. टाळेबंदी मार्चमध्ये मिटली तरी ड्राफ्ट काही झाला नाही. त्या नावांची यादी कोणी छापली नाही.

अल्टूनाहून परतताना बाबांनी शिवलकरांचा विषय काढला. मार्चमध्ये मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर ऊर्फ पॅडी शिवलकर गेले, तेव्हापासून तो त्यांच्या मनात होताच. प्रथम श्रेणीत ५८९ बळी. १९७३च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. भारताकडून कसोटी एकही नाही, कारण त्याच जागेवर बिशनसिंग बेदी होते. हरियाणाचे राजिंदर गोयल यांचीही तीच कथा. बाबा गाडीच्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आपला पॅडी इथं असता तर त्याला कोणी तरी चार हजार डॉलरला नेला असता.” मी गाडी चालवत होतो, म्हणून वाद घातला नाही. वाद घालण्यासारखे होते: देशाचा संघ एकच असतो, तिथे दुसरा संघ कुठून आणायचा? पण त्यांचे म्हणणे तेवढ्यावर मोडत नाही. वर जागा नाही हे समजू शकते. जागा नसतानाही माणूस धरून ठेवता येतो, याचीच त्यांना चीड होती, आणि ती त्यांच्या स्वतःच्या नोकरीतल्या कोणत्या वर्षातून आली होती, हे मला ठाऊक आहे.

रूल फाइव्हचे दार उघडे असले म्हणजे कोणी आत येईलच असे नाही, हे पायरेट्सच्याच एका भारतीय पिचरच्या उदाहरणात दिसते. २००८च्या नोव्हेंबरात पायरेट्सनी उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना, एका टीव्ही स्पर्धेतून शोधून करारबद्ध केले. त्या स्पर्धेआधी दोघांनी बेसबॉल हातात धरला नव्हता. दिनेश दोन वर्षांत परतला. डावखुरा रिंकू टिकला. २०१२मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या अ-दर्जाच्या संघातून त्याने ७२ डाव टाकले आणि सरासरी ३.०० राखली. करार विसाव्या वर्षी झाला होता, म्हणजे चार हंगाम त्याच वर्षी पुरे होत होते. चाळिसांत त्याचे नाव कधी आले नाही, आणि दुसऱ्या कोणी त्याला नेलेही नाही. पुढे कोपराने दगा दिला, शस्त्रक्रिया झाल्या, आणि शेवटी तो कुस्तीच्या रिंगणात गेला. इथल्या भारतीय मित्रांना मी हे सांगतो तेव्हा ते हळहळतात. मला हळहळ वाटत नाही. भदोहीच्या पोराने चौथ्या वर्षी व्यावसायिक बॅटरना तीनच्या सरासरीवर रोखणे, ही आधीच अशक्य कोटीतली गोष्ट होती. त्याच्यावर पैज लावणे एकोणतीस संघांना परवडले नाही, इतकेच.

बाबा सप्टेंबरात कर्जतला परतले. नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी यादी आली, त्यात अल्टूनाच्या डावखुऱ्याचे नाव नव्हते. मला ते अपेक्षितच होते. दिशेची खात्री नसलेल्या पिचरवर जागा खर्च करण्याइतके पायरेट्स उदार नाहीत, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या जागी मी असतो तरी हेच केले असते. तिकडे बुधवारची पहाट असेल म्हणून मी लगेच फोन केला नाही, पण साडेसहा वाजता त्यांचाच आला. डिसेंबरात कोणी नेईल का, हे त्यांनी विचारले. कठीण आहे, मी म्हणालो. नाही नेले तर फेब्रुवारीत पुन्हा फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनचे सराव शिबिर, एप्रिलात पुन्हा बहुधा अल्टूना.

“त्याला कळवतात कसं?” त्यांनी विचारले.

“ज्यांना आत घेतलं त्यांना संघाकडून फोन येतो.”

“आणि याला?”

याचा फोन वाजला नसेल, मी म्हणालो. मग त्यांनी मला त्याचे नाव पुन्हा एकदा, सावकाश, एकेक अक्षर सुटे करून सांगायला लावले. त्यांच्या बाजूने कागदावर पेन घासल्याचा आवाज येत होता.